बिदागीपासून मानधनापर्यंत

समाज आपल्या कलावंतांना काय समजतो हे ठरवावयाचे असेल, तर सत्कारसमारंभांतील भाषणे ऐकण्यात वेळ दवडू नये. कलावंताच्या हातावर पैसे ठेवताना तो समाज त्या पैशांना कोणते नाव देतो, एवढेच पाहावे. मराठीत अशी नावे थोडी नाहीत. गवयाला आणि शाहिराला मिळते ती बिदागी, शास्त्रीपंडितांना मिळते ती दक्षिणा, सरदाराच्या पदरी असलेल्याला वर्षासन, चाकरीत असलेल्याला मुशाहिरा, गुण दाखविणाऱ्याला बक्षीस, चित्रकाराला किंमत आणि लेखकाला मानधन. या प्रत्येक शब्दाबरोबर घेणाऱ्याच्या शरीराची एक ठेवणही ठरून गेलेली आहे. बिदागी घेणारा निघण्याच्या तयारीत उभा असतो, दक्षिणा घेणारा हात पुढे करतो, बक्षीस घेणारा किंचित वाकतो; किंमत घेणारा मात्र नोटा मोजून घेतो.

आपल्या वाङ्मयाचा आरंभच मुळी पैसे न घेणाऱ्यांनी केला. नामदेव शिंपी, सावता माळी, गोरा कुंभार ही नावे आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की त्यांत एक आर्थिक व्यवस्था सांगितलेली आहे हे ध्यानात येत नाही. कवीच्या नावाला त्याचा धंदा जोडलेला आहे, आणि तो धंदा कवित्व नव्हे. कापड शिवून, मळा राखून आणि मडकी घडवून पोट भरावे आणि अभंग विठोबाला द्यावा, अशी ही चोख वाटणी होती. तुकोबांचे वाण्याचे दुकान बुडाले तेव्हा अभंगांनी ते सावरावे ही कल्पना कोणालाच सुचली नाही, आणि सुचली असती तर पहिल्याने तुकोबांनीच ती झिडकारली असती. या वाटणीतील उदात्तता मला मान्य आहे. परंतु भक्तीच्या क्षेत्रात जे स्वेच्छेचे होते, ते भक्ती ओसरल्यानंतरही व्यवहाराचा दंडक म्हणून उरले, आणि आमच्या पुढील सर्व तक्रारींचे मूळ तेथे आहे.

पंडित कवींच्या काळी आश्रय आला खरा, पण त्याचा हिशेब बारकाईने पाहिला पाहिजे. मोरोपंत (१७२९ ते १७९४) बारामतीस बाबूजी नाइकांच्या पदरी होते हे सर्वश्रुत आहे. ते तेथे होते पुराणिक म्हणून. नाइकांच्या वाड्यात पुराण सांगणे हे त्यांचे काम आणि त्याबद्दल त्यांचा योगक्षेम चाले. हजारो आर्यांचा जो डोंगर त्यांनी रचला त्याचा जमाखर्च नाइकांच्या दफ्तरात स्वतंत्रपणे पडण्याचे कारण नव्हते. म्हणजे पैसा मिळाला तो कवितेच्या लगतच्या कामाबद्दल, आणि कविता त्याच्याबरोबर वरकड म्हणून आली. मराठी लेखकाच्या चरितार्थाचा सारा इतिहास हा असा लगतच्या कामाचा इतिहास आहे. शाहिरांची गोष्ट निराळी, कारण लोकांसमोर उभे राहून गाणे हेच त्यांचे काम होते, आणि ते संपताच बिदागी मिळे. त्यांना पंडितांनी हलके लेखले, पण व्यवहाराच्या दृष्टीने तेच अधिक स्वच्छ होते.

दक्षिणेच्या प्रकरणात हा प्रश्न प्रथमच उघड्यावर आला. पेशव्यांच्या कारकीर्दीत श्रावणात पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अंमल आल्यावर ती रक्कम आटोपती घेऊन तिच्यातून १८२१ साली विश्रामबाग वाड्यात पाठशाळा निघाली. आणि १८४९ च्या सुमारास लोकहितवादींसारख्या मंडळींनी अर्ज केला की, या द्रव्याचा काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना उत्तेजन म्हणून द्यावा. सनातनी पुण्यात यावर मोठा गदारोळ झाला. आज त्या भांडणाकडे आपण जुने आणि नवे यांचा कलह म्हणून पाहतो, आणि ते खरेही आहे. पण त्याच्या पोटात असा एक प्रश्न होता की, जातीने ब्राह्मण असल्याबद्दल मिळणारा पैसा पुस्तक लिहिल्याबद्दल मिळू शकतो काय? दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि उत्तर होकारार्थी ठरले. मात्र १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे धाडले तेव्हा ते नामंजूर झाले. जन्माऐवजी ग्रंथ पाहावयाचे ठरले खरे, परंतु पाहणारे डोळे जुनेच होते. जोतीरावांचा संसार लेखणीवर चालत नव्हता, ते पुढे ठेकेदारीही करीत. म्हणून नकारानंतरही त्यांची लेखणी थांबली नाही. ज्याचे पोट कमिटीच्या हाती नाही त्यालाच कमिटीविरुद्ध लिहिता येते, ही गोष्ट त्या काळच्या इतर ग्रंथकारांनी टिपून ठेवली असती तर बरे झाले असते.

यानंतर लगतचे काम बदलले. पुराणिकाच्या जागी मास्तर आला. केशवसुतांनी आधुनिक मराठी कवितेचा पाया घातला तो शाळामास्तरकीच्या तुटपुंज्या पगारावर, या गावाहून त्या गावी बदल्या आणि नोकऱ्या सोशीत. १९०५ साली हुबळीस प्लेगने ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर कवितांचे एकही पुस्तक नव्हते. ते पुस्तक १९१७ साली हरिभाऊ आपट्यांनी काढले. स्वतः हरिभाऊ दिवसा आनंदाश्रम संस्थेचा कारभार पाहात, संस्कृत पोथ्यांच्या प्रकाशनाची व्यवस्था लावीत, आणि आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकाचे रकाने भरण्यासाठी कादंबऱ्यांची प्रकरणे लिहून देत. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी अशी हप्त्याहप्त्याने जन्मली.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. १९३० नंतर आपल्याकडे ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा वाद फडके आणि खांडेकर यांच्या नावांनी इतका रंगला की एका पिढीची शाई त्यात खर्ची पडली. फडके प्राध्यापक होते, खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक. दोघांचाही निर्वाह वर्गात उभे राहून चालत असे. म्हणूनच की काय, ‘जीविकेसाठी कला’ हा तिसरा पक्ष त्या वादात कोणी मांडलाच नाही. खांडेकर पुढे कोल्हापुरास येऊन चित्रपटांच्या कथा लिहू लागले, म्हणजे हा तिसरा पक्ष त्यांनी आचरणात आणला. पण त्याला तत्त्वाचे नाव देण्याइतके धैर्य त्या काळच्या सदभिरुचीत नव्हते.

मासिकांच्या दुनियेत या संकोचाला एक सुंदर वस्त्र मिळाले, ते म्हणजे मानधन हा शब्द. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजना’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि वर्षातून एकदा लेखक, चित्रकार, ब्लॉकवाले आणि जाहिरातदार यांची एकत्र जत्रा भरण्याचा प्रघात पाडला. या जत्रेत इतर सर्वांचे दर ठरलेले असत, लेखकाला मात्र मान मिळे. मूळ संस्कृतात ‘मानधन’ हे विशेषण आहे, मान हेच ज्याचे धन तो; ‘किरातार्जुनीया’च्या पहिल्याच सर्गात ते दुर्योधनाच्या धनुर्धरांना लावलेले आहे. गंमत अशी की, त्याच श्लोकात त्या मानी वीरांचा राजाने धनानेही सत्कार केला होता असे भारवी लगेच सांगून टाकतो, म्हणजे दुर्योधनासारख्यालाही मान आणि धन या दोन स्वतंत्र रकमा आहेत हे कळत होते. आमच्या संपादकांनी त्यांचा समास केला आणि एकीच्या खाती दुसरी वळती करून घेतली. मानाबद्दल घासाघीस करणे असभ्य, म्हणून धनाबद्दलही तोंड उघडता येत नाही. पुस्तकांच्या बाबतीत तर याहून वाईट. १९१४ चा आणि पुढे १९५७ चा कॉपीराइट कायदा होऊनही, ठोक रकमेला कायमचे हक्क लिहून देणारे लेखक माझ्या पाहण्यात आहेत, आणि करारनामा न वाचता सही करण्यात त्यांना अभिमान वाटे.

चित्रकार या मोहातून सुटला याचे श्रेय त्याच्या शिक्षणाला आहे असे मला वाटते. सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून १८५७ साली मुंबईस जी कलाशाळा निघाली, तिचा हेतू प्रतिभावंत निपजविण्याचा नव्हता. हुन्नरी कारागीर तयार व्हावेत एवढाच होता. या मर्यादित हेतूबद्दल पुष्कळ नाके मुरडली गेली. परंतु तेथून बाहेर पडणारा मनुष्य आपण हातांनी काम करतो आणि कामाला दाम असतो, हे समजून बाहेर पडे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये तेथे विद्यार्थी म्हणून शिरले आणि एकेचाळीस वर्षांनी तेथूनच सेवानिवृत्त झाले. या अवधीत अध्यापनाबरोबर पोस्टकार्डे, पुस्तकांतील चित्रे, पौराणिक प्रसंग, व्यक्तिचित्रे, जे काम येईल ते त्यांनी सारख्याच सफाईने केले. रविवर्म्याने तर १८९४ साली मुंबईत छापखानाच काढला. दगडावरची छपाई ही मोठी कष्टाची बाब: चित्रातील प्रत्येक रंगासाठी वेगळा शिळाखंड, प्रत्येक खंडावर तेवढ्याच रंगाचा भाग उलटा उतरविलेला, आणि एकच कागद पुनःपुन्हा यंत्राखालून न्यावयाचा, एका फेरीत तो केसभर सरकला की लक्ष्मीच्या ओठांचा रंग हनुवटीवर यावयाचा. छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, कर्जात बुडाला आणि त्यातल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. व्यापारी म्हणून रविवर्मा हरला. तथापि ज्या घरात कधी चित्र टांगले गेले नव्हते तेथे देवघराशेजारी त्याची सरस्वती काही आण्यांत येऊन बसली, आणि चित्राला किंमत असते हे गोरगरिबांनाही कळले.

कोल्हापुरात याच्याही पुढचे पाऊल पडले. नाटकांचे पडदे रंगविणारे बाबूराव कृष्णराव मेस्त्री पुढे चित्रपटांकडे वळले, १९२० साली त्यांची ‘सैरंध्री’ आली, आणि लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणू लागले. नामदेवांच्या नावामागे शिंपी आले होते ते पोटाच्या धंद्याचे म्हणून. येथे कलाच आडनाव झाली. सहाशे वर्षांत झालेला हा पालट कोणत्याही कलामीमांसेत नोंदलेला मी पाहिला नाही.

याच वाटेने पुढे गोमंतकातून आलेले दीनानाथ दलाल १९४५ पासून स्वतःच ‘दीपावली’ काढू लागले, आणि पंढरपुरात जन्मलेले हुसेन सिनेमाच्या भल्यामोठ्या पाट्या रंगवीत, लाकडी खेळण्यांचे नमुने करीत, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या मंडळींत येऊन मिळाले. त्याच मंडळींतले आरा घरगड्याचे काम करून चित्रे काढीत. यांपैकी कोणीही पाटी रंगविण्याची लाज धरली नाही, आणि नंतर चित्राची किंमत वाढली तेव्हा ती सांगण्याचीही धरली नाही.

लेखकांत जे थोडे सुटले ते बहुधा शब्दाला मोजमाप असलेल्या क्षेत्रांत शिरून. माडगूळकरांनी चित्रपटांसाठी गाणी लिहिली आणि १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीसाठी ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते दिली, ठरलेल्या दिवशी गीत हाती हवे ही सक्ती त्यांच्या प्रतिभेला बाधली असे कोण म्हणेल? अरुण कोलटकर चित्रकला शिकले आणि जाहिरातींच्या धंद्यात नाव कमावून कवितेला त्यांनी कोणत्याही संपादकाची मिंधी ठेवली नाही. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. त्यांच्या बाबतीत मात्र लगतचे काम लगतचे राहिलेच नाही, तेच कवितेत आले. नामदेव, सावता, गोरा यांच्या परंपरेत त्यांना बसवावे असे मला पुष्कळदा वाटते, आणि लगेच असेही वाटते की त्यांना ते आवडले नसते.

माझ्या एका पुस्तकाच्या वेळी प्रकाशकाच्या कचेरीत बसलो होतो. मुखपृष्ठाचा चित्रकार आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुठ्ठा, नखांत निळा रंग. त्याने पुठ्ठा टेबलावर उभा केला, कोपऱ्यावरचा एक डाग रुमालाने पुसला, ब्लॉक कोणाकडे करावयाचा ते सांगितले आणि आकडा उच्चारला. प्रकाशक थोडे कमी करा म्हणाले. तो म्हणाला, “निम्मे आगाऊ दिलेत त्याच वेळी ठरले आहे.” कारकुनाने उरलेले निम्मे मोजून दिले, त्याने ते पुन्हा मोजले, पावतीवर तिकीट लावून सही केली, आणि सहज माझ्याकडे वळून प्रकाशकांना विचारले, “आणि यांचे?”

“यांचे काय,” प्रकाशक प्रेमाने हसले, “हे तर घरचेच!”

मीही हसलो. आम्ही दोघे बरोबरच जिना उतरलो आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरलो. चहाचे पैसे त्याने दिले. मी खिशात हात घातला होता, पण फार खोल घातला नव्हता.