मिश्रणाचे मोल आणि किमतीचा न्याय

दोन चांगल्या वस्तू एकत्र केल्याने त्या दोहोंपेक्षा अधिक मोलाची तिसरी वस्तू निर्माण होते काय, आणि होत असेल तर त्या वाढीव मोलाबद्दल वाढीव किंमत मागण्याचा अधिकार विक्रेत्याला कोठून मिळतो, हा प्रश्न वरकरणी बाजाराचा वाटला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे, कारण त्याच्या पूर्वार्धात द्रव्य आणि गुण यांच्या संबंधाचा विचार येतो आणि उत्तरार्धात न्यायाचा. अमेरिकेत बर्बन आणि राय या दोन जातींच्या व्हिस्की एकत्र करून तयार केलेल्या बाटल्या चढ्या भावाने विकल्या जातात, आणि या प्रश्नाच्या दोन्ही अंगांची परीक्षा घेण्यास ते उदाहरण फार सोयीचे आहे. मद्यपान योग्य की अयोग्य हा स्वतंत्र नैतिक प्रश्न आहे. येथे विचार करावयाचा आहे तो केवळ मिश्रण, मोल आणि किंमत यांच्या परस्परसंबंधाचा.

बर्बन म्हणजे ज्या धान्यमिश्रणात मका किमान 51 टक्के असतो त्यापासून अमेरिकेत गाळलेली आणि आतून जाळून काळ्या केलेल्या कोऱ्या ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की. राय व्हिस्कीत मक्याची जागा राय हे गव्हाच्या कुळातले, थंड हवेत पिकणारे धान्य घेते आणि तेही किमान 51 टक्के असावे लागते. मक्यामुळे मद्याला गोडसर भरदारपणा येतो, तर रायमुळे कोरडा, जिभेला चुणचुणणारा तिखटपणा येतो. ऊर्ध्वपातन करताना, म्हणजे आंबवलेला द्रव तापवून त्याची वाफ थंड करून गोळा करताना, मद्यार्काचे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर जाऊ नये असा नियम आहे, कारण द्रव जितका अधिक शुद्ध करावा तितका धान्याचा स्वाद त्यातून निघून जातो. याच नियमांनी बांधलेली व्हिस्की किमान दोन वर्षे पिंपात मुरली की तिला ‘स्ट्रेट’ हे विशेषण लावता येते.

मिश्र व्हिस्कीकडे अमेरिकेत संशयाने पाहिले जाते, त्यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तटस्थ मद्यार्क, म्हणजे ज्याला स्वतःचा स्वाद जवळजवळ उरलेला नाही असा अतिशुद्ध मद्यार्क, रंग आणि अर्क घालून व्हिस्की म्हणून विकण्याची चाल बोकाळली होती. 1897 च्या ‘बॉटल्ड-इन-बाँड’ कायद्याने एकाच भट्टीतील, एकाच हंगामातील, सरकारी देखरेखीखालच्या कोठारात किमान चार वर्षे मुरलेल्या व्हिस्कीला शासकीय हमी दिली, आणि 1906 च्या शुद्ध अन्न व औषध कायद्यानंतर मूळ प्रश्नच ऐरणीवर आला की व्हिस्की कशाला म्हणावे. शासनाचे मुख्य रसायनज्ञ हार्वे वायली यांना मिश्रणांना ते नाव देणे मान्य नव्हते. अखेर राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांनी 1909 मध्ये निवाडा दिला की धान्यापासून काढलेला तटस्थ मद्यार्क मिसळलेल्या मद्यालाही व्हिस्की म्हणता येईल, परंतु ते मिश्रण आहे हे लेबलावर स्पष्ट लिहिले पाहिजे. या निवाड्याने नावाची दारे उघडी ठेवली आणि सत्यकथनाची अट मात्र घातली. पुढील विवेचनात हीच अट निर्णायक ठरणार आहे.

आजच्या अमेरिकी नियमांनुसार ‘ब्लेंडेड व्हिस्की’ या नावाच्या बाटलीत स्ट्रेट व्हिस्कीचे प्रमाण 20 टक्के असले तरी पुरते आणि उरलेला भाग तटस्थ मद्यार्काचा असू शकतो. उलट दोन स्ट्रेट व्हिस्की एकत्र केल्या तर त्यात तटस्थ मद्यार्काचा थेंबही नसतो. पहिल्या प्रकारात मौल्यवान वस्तू पातळ केलेली असते, दुसऱ्या प्रकारात दोन मौल्यवान वस्तूंचा संयोग घडवलेला असतो. हा भेद महाराष्ट्रातील वाचकाला परका वाटू नये, कारण भारतातील स्वस्त व्हिस्कीत बहुतेक वेळा साखर कारखान्यांतील मळीपासून काढलेला मद्यार्क हाच मुख्य घटक असतो, आणि याच कारणामुळे युरोपीय संघाचे नियम त्या मद्याला व्हिस्की मानत नाहीत. पुढील चर्चा दुसऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे अस्सल बर्बन आणि अस्सल राय यांच्या संयोगाविषयी आहे.

संयोगातून नवा गुण उत्पन्न होतो काय, या प्रश्नावर प्राचीन विचारवंतांनी बारकाईने चिंतन केले आहे. अ‍ॅरिस्टॉटलने उत्पत्ती आणि विनाश यांवरील ग्रंथात केवळ शेजारी ठेवलेल्या कणांची सरमिसळ आणि खरे मिश्रण यांत फरक केला. त्याच्या मते खऱ्या मिश्रणात घटक जसेच्या तसे राहत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत, त्यांचे सामर्थ्य सुप्त रूपाने टिकते आणि त्यांच्या परस्परक्रियेतून मधल्या स्वरूपाचे नवे एकजिनसी द्रव्य सिद्ध होते. त्यासाठी घटकांची बळे तुल्य असावी लागतात. अफाट पाण्यात मद्याचा एक थेंब टाकला तर त्याचे मिश्रण होत नाही, तो थेंब पाणीच होऊन जातो. न्यायवैशेषिक परंपरेत अवयवी, म्हणजे अवयवांहून भिन्न अशी संपूर्ण वस्तू, मानलेली असल्यामुळे हाच प्रश्न गुणांच्या अंगाने उपस्थित झाला. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रंगांच्या गणनेत ‘चित्र’ हा अनेक रंगांच्या धाग्यांनी विणलेल्या वस्त्राचा स्वतंत्र रंग मानला आहे, परंतु रसांच्या गणनेत मधुर, आम्ल, लवण, कटू, कषाय आणि तिक्त असे सहाच रस दिले असून चित्ररस मानलेला नाही. नैयायिकांचे कारण असे की डोळा रंगाच्या द्वारे वस्त्र हे द्रव्यच पाहतो, म्हणून वस्त्राला रंग मानणे भाग पडते. जीभ मात्र द्रव्य जाणत नाही, केवळ रस जाणते, म्हणून मिश्र वस्तूला एक स्वतंत्र रस कल्पिण्याची गरज उरत नाही.

हे मत ग्राह्य धरले तर मिश्रणासाठी अधिक किंमत मागणाऱ्याचा आधारच जातो, कारण मग ग्राहकाच्या जिभेवर आलटूनपालटून बर्बन आणि राय एवढेच उरते. परंतु भारतीय साहित्यशास्त्राने याच्या विरुद्ध दिशेचा अनुभव प्रमाण मानला आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात नाट्यरसाची निष्पत्ती समजावून देताना नाना द्रव्यांच्या संयोगातून उत्पन्न होणाऱ्या चवीचा दाखला घेतला, आणि अभिनवगुप्ताने पानकाचा, म्हणजे गूळ, मिरी इत्यादी पदार्थ एकत्र करून केलेल्या पेयाचा, दृष्टान्त देऊन दाखवले की त्याची चव कोणत्याही एका घटकात सापडत नाही. मद्याच्या बाबतीत हे म्हणणे अधिक खरे ठरते. चव ही जिभेइतकीच घ्राणेंद्रियाची निर्मिती असते, एका गंधद्रव्यामुळे दुसरे झाकले जाते किंवा उठून दिसते, आणि त्यामुळे प्रमाण थोडे बदलले तरी संपूर्ण रूप बदलते. बर्बनचा गोडवा रायच्या तिखटपणाला मवाळ करतो आणि रायचा कोरडेपणा त्या गोडव्याला चिकटपणापासून वाचवतो. तेव्हा नव्या गुणाची शक्यता मान्य करावी लागते. तो गुण दर वेळी उत्पन्न होतोच असे मात्र म्हणता येत नाही.

तो उत्पन्न झाला आहे हे ठरवायचे कोणी? तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1757 च्या अभिरुचीविषयक निबंधात ‘डॉन किहोते’ या कादंबरीतील सांचोच्या दोन नातेवाइकांची गोष्ट सांगितली आहे. एकाला मद्यात चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची, लोक दोघांनाही हसले, आणि पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली किल्ली सापडली. ह्यूमचा निष्कर्ष असा की आस्वाद मनात घडत असला तरी त्याला वस्तूतील वास्तव गुणांचा आधार असू शकतो आणि संस्कारित जिभेला तो कळतो. याला छेद देणारा, कॅलिफोर्नियात केलेला प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वीस व्यक्तींना एकच वाइन एकदा 10 डॉलरची आणि एकदा 90 डॉलरची म्हणून देण्यात आली. महाग सांगितलेली वाइन त्यांना अधिक आवडली, आणि सुखानुभवाशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागातील क्रियाही तेव्हा वाढलेली आढळली. म्हणजे त्यांनी आवडल्याचे ढोंग केले नव्हते, सुख खरोखरच वाढले होते.

या प्रयोगामुळे किमतीच्या समर्थनात अन्योन्याश्रय दोष शिरतो. दोन गोष्टी परस्परांच्याच आधारावर सिद्ध करू पाहिल्या की दोन्ही असिद्ध राहतात, याला नैयायिक अन्योन्याश्रय म्हणतात. चव श्रेष्ठ आहे म्हणून किंमत अधिक, आणि किंमत अधिक आहे म्हणून चव श्रेष्ठ, असे म्हणणाऱ्याने काहीच सिद्ध केलेले नसते. म्हणून ग्राहकाचा संतोष हा किमतीचा पुरावा म्हणून पुढे करावयाचा असेल तर तो किंमत आणि लेबल दोन्ही झाकून घेतलेल्या आस्वादातून आलेला असावा लागतो.

किमतीच्या न्यायाचा विचार तेराव्या शतकात टॉमस अ‍ॅक्वायनसने आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात केला, आणि त्याची दोन सूत्रे येथे उपयोगी पडतात. पहिले असे की विकलेल्या वस्तूमुळे ग्राहकाला त्याच्या स्वतःच्या विशेष परिस्थितीमुळे अधिक लाभ होत असेल, तर त्या लाभापोटी विक्रेत्याने किंमत वाढवू नये, कारण जे स्वतःचे नाही ते कोणी विकू नये. दुसरे असे की विक्रेत्याने वस्तूत सुधारणा केली असेल तर त्या श्रमाचे मोल त्याने घ्यावे. महाग किमतीच्या जाणिवेने वाढलेले सुख ग्राहकाच्याच मनाने निर्माण केलेले असते, तेव्हा पहिल्या सूत्रानुसार ते विकण्याचा अधिकार विक्रेत्याला नाही. दुसऱ्या सूत्राने मात्र मिश्रण करणाऱ्या जाणकाराला त्याचा वाजवी वाटा मिळतो.

काळाचे मोल हे यातले सर्वांत ठोस मोल आहे. पिंप साधारण 200 लिटरचे असते, केंटकी या अमेरिकी राज्याच्या हवेत त्यातून दरवर्षी सुमारे 4 टक्के मद्य उडून जाते, आणि या हिशेबाने सहा वर्षांनी 157 लिटरच्या आसपास तर बारा वर्षांनी 122 लिटरच्या आसपास उरते. शिवाय बर्बनसाठी पिंप कोरेच लागते, म्हणून ते पुन्हा त्या कामी येत नाही. जुन्या व्हिस्कीची चढी किंमत यामुळे समजते. परंतु हा खर्च घटकांचा आहे, मिश्रणाचा नाही; घटकांच्या किमतींची प्रमाणानुसार सरासरी काढली की तो वसूल होतो, आणि सरासरीच्या वर मागितलेल्या रकमेला वेगळे समर्थन लागते.

दोन उदाहरणांनी हे समर्थन कोठे मिळते आणि कोठे मिळत नाही ते स्पष्ट होईल. युटा राज्यातील हाय वेस्ट या कंपनीने आपल्या ‘बूराय’ या मिश्रणासाठी इतर भट्ट्यांत मुरलेली बर्बन आणि राय विकत घेतली, निवडून एकत्र केली, आणि हे मद्य स्वतः गाळलेले नाही हे लपवले नाही. येथे विकली जाणारी वस्तू निवडीचा विवेक आहे, आणि विवेक हा श्रमच आहे. याउलट वाइल्ड टर्की कंपनीने 2013 मध्ये ‘फरगिव्हन’ या नावाने बाजारात आणलेल्या बाटलीची हकिकत कंपनीनेच अशी सांगितली की कामगारांच्या चुकीने राय बर्बनमध्ये मिसळली गेली आणि चव चांगली निघाली. त्यात सहा वर्षांची बर्बन 78 टक्के आणि चार वर्षांची राय 22 टक्के होती, आणि बाटली सुमारे 50 डॉलरला विकली जात होती. मिश्रण चुकीने झाले असेल तर कौशल्याचे मोल मागता येत नाही. परिणाम उत्तम आहे हे ओळखून ते बाटलीत भरण्याचा निर्णय घेण्यापुरताच विवेक शिल्लक राहतो. उरलेली वाढ दुर्मीळतेची आणि गोष्टीची आहे. तरीही वये आणि प्रमाण उघड सांगितल्यामुळे ग्राहकाला स्वतः हिशेब करता आला, हे या बाटलीच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

यावर असा आक्षेप संभवतो की मोल वस्तूत नसतेच. अर्थशास्त्रज्ञ कार्ल मेंगरने 1871 मध्ये प्रतिपादन केले की मोल हे व्यक्तीच्या गरजेच्या संदर्भातच अस्तित्वात येते, आणि मग जो राजीखुशीने पैसे देतो त्याच्यापुरती किंमत योग्यच ठरते. किमती प्रत्यक्षात कशा ठरतात याचे हे स्पष्टीकरण समर्थ आहे, पण किंमत योग्य आहे काय हा प्रश्न त्याने निकालात निघत नाही. राजीखुशी अर्थपूर्ण होण्यासाठी देणाऱ्याला आपण काय घेत आहोत याचे ज्ञान हवे. वय, प्रमाण आणि उगम झाकून ठेवलेल्या बाटलीला दिलेली संमती ही अपुऱ्या ज्ञानावर उभी असते. टाफ्ट यांच्या निवाड्यातील सत्यकथनाची अट येथे नीतीची अट बनते.

सारांश, बर्बन आणि राय यांच्या संयोगातून नवा रस निष्पन्न होऊ शकतो, म्हणून चढी किंमत तत्त्वतः अन्याय्य नाही. परंतु ती घटकांची सरासरी किंमत आणि मिश्रण करणाऱ्याच्या विवेकाचा माफक मोबदला यांच्या बेरजेपलीकडे जाऊ नये. ज्या बाटलीवर घटकांची वये, प्रमाण आणि उगम लिहिलेले असतील आणि लेबल झाकून घेतलेल्या घोटातही जिचे वेगळेपण जाणवेल, तिच्यासाठी थोडे अधिक मोजणे रास्त आहे. जी बाटली यांतले काहीच सांगत नाही, तिच्यासाठी ग्राहकाने घटकांच्या किमतीवर एक पैसाही अधिक देऊ नये.