सहायकाचा हिशेब

नागभीड

चि. भाच्यास,


तुझं पत्र पोचलं. नागपूरच्या फुटबॉल क्लबात सहायक प्रशिक्षक म्हणून जावं का, असं विचारतोस आणि वर लिहितोस, ‘मामा, सहायकाचा रेकॉर्ड बघतो कोण?’ बघतात रे, पण कसा बघायचा ते थोड्यांनाच कळतं. गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडाचंच घे.

डेम्पो क्लबच्या मधल्या फळीत वर्षानुवर्षं खेळलेला हा गडी पुढे एफसी गोवाचा सहायक प्रशिक्षक झाला. २०२० च्या फेब्रुवारीच्या तोंडावर क्लबनं मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांना काढलं. साखळीचे तीन सामने उरलेले. क्लिफर्डच्या हाताखाली संघानं तिन्ही मारले: ४-१, ५-२, ५-०. गोवा अव्वल राहिला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगची गटफेरी गाठणारा पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य फेरीत मात्र चेन्नईयिनकडून १-४ मार खाल्ला. परतीचा सामना ४-२ जिंकूनही बाहेर.

आता हे श्रेय कुणाचं? रोवणी एकानं करावी आणि कापणीला दुसऱ्यानं उभं राहावं, तसं झालं. संघ लोबेरांनी बांधला होता, हे खरंच. पण ऐन मोसमात मुख्य माणूस गेल्यावर ड्रेसिंगरूम विस्कटू न देणं सोपं नसतं.

२०२३ मध्ये ओडिशाच्या क्लबात पुन्हा तेच. मुख्य प्रशिक्षक गेले, क्लिफर्डकडे हंगामी सूत्रं आली आणि २५ एप्रिलला कोझिकोडमध्ये बंगळुरूला २-१ हरवून सुपर कप घेतला. पुढच्याच जानेवारीत त्याच स्पर्धेत तो मोहन बागानचा हंगामी प्रशिक्षक होता, तेव्हा ईस्ट बंगालनं ३-१ हरवून गटातूनच घरी पाठवलं. बागानचे बरेच खेळाडू त्या वेळी आशियाई चषकासाठी कतारला होते, हेही ध्यानात घे. एका वर्षी चषक, दुसऱ्या वर्षी गटातच गारद, आणि माणूस तोच! म्हणून हंगामी कारकिर्दीच्या चार-पाच सामन्यांवर कुणाला डोक्यावर घेऊ नये, कुणाला पाडूही नये.

त्यापेक्षा त्याला पुन्हा कोण घेतं, ते बघावं. मुख्य प्रशिक्षक हुआन फेरांडोंसोबत क्लिफर्डनं गोव्यात काम केलं. पुढे बागानमध्येही त्यांचा सहायक तोच. रोज सरावाला जवळून पाहिलेल्यानं दुसऱ्यांदा सोबत घेणं, यापरतं प्रशस्तिपत्र नाही.

आणि सहायक होण्यात कमीपणा मानू नकोस. प्रशिक्षक खालिद जमीलनं २०१७ मध्ये आयझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली होती, तरी नंतर नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली राहिला. २०२१ मध्ये संघ त्याच्या हाती आला आणि त्यानं तो बाद फेरीत नेला. ऑगस्ट २०२५ मध्ये तोच भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला.

हो म्हणण्याआधी एक कर. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्या नागपूरच्या क्लबच्या मैदानावर जा. आदल्या दिवशी खेळलेले पाय मोकळे करत असतात आणि बाकावर बसलेल्यांचा सराव बहुधा सहायक घेतो. तो सराव त्याचा त्याला आखू देतात, की नुसते प्लास्टिकचे कोन मांडायला आणि बॉल गोळा करायला ठेवलंय, ते बघ. आखू देत असतील तर पगार थोडा कमी असला तरी जा. नुसते कोनच मांडायचे असतील, तर दुप्पट पैशालाही नाही म्हण. आणि काहीही ठरलं तरी बोली कागदावर घे.

तुझा,
मामा