कोरा रकाना आणि अभावाचे ज्ञान

दवाखान्यातील संगणक यंत्रणा बदलताना नोंदी हरवतील, ही धास्ती सगळ्यांनाच असते. हरवलेली नोंद निदान शोधली तरी जाते. त्याहून घातक असतो तो नव्या पडद्यावरचा कोरा रकाना, कारण तो उत्तरासारखा वाचला जातो. जुन्या केसपेपरच्या कोपऱ्यात कुणीतरी लाल शाईने ‘पेनिसिलिनची रिॲक्शन’ असे लिहून ठेवलेले असते. माहिती नव्या यंत्रणेत भरताना कोपऱ्यातल्या या शेऱ्याला जागा मिळत नाही आणि ॲलर्जीचा रकाना कोरा राहतो. पुढे दुसरा डॉक्टर त्याचा अर्थ ‘ॲलर्जी नाही’ असा घेतो आणि इंजेक्शन लिहून देतो. एखादी गोष्ट नाही, हे माणसाला नेमके कशावरून कळते, हा दर्शनशास्त्रातला जुना प्रश्न इथे रुग्णाच्या जिवाशी येऊन भिडतो.

भारतीय दर्शनांत या प्रश्नावर शतकानुशतके वाद चालला. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक अभाव हा पदार्थ मान्य करतात, पण त्याच्या ज्ञानासाठी वेगळे प्रमाण लागते हे त्यांना पटत नाही. एका अटीवर मात्र दोन्ही पक्ष जवळ येतात. ती वस्तू असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे हा तिच्या नसण्याचा पुरावा ठरतो. लख्ख उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात तो दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कोऱ्या रकान्यालाही हीच कसोटी लावावी लागते: रुग्णाला हा प्रश्न कुणी विचारला होता का, आणि उत्तर लिहायला जुन्या कागदावर जागा होती का?

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात हा अंधार अधिक दाट आहे. बालाघाटच्या या कोरडवाहू भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. एकाच बाईचे आरोग्य मग तीन ठिकाणी विखुरते: गावाकडचे सरकारी रुग्णालय, एखादा खासगी दवाखाना आणि कारखान्याजवळचा डॉक्टर. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. इतक्या जणी ज्या भागात आहेत, तिथे ‘पूर्वीची शस्त्रक्रिया’ हा रकाना कोरा दिसला म्हणून शस्त्रक्रिया झालीच नाही असे धरून चालणे म्हणजे अंधारात घडा नाही म्हणण्यासारखेच आहे.

म्हणून नव्या यंत्रणेत ‘नाही’, ‘रुग्णाला माहीत नाही’ आणि ‘विचारलेले नाही’ ही तीन उत्तरे वेगळी ठेवणे ही पहिली गरज. संगणक विकणारे या मुद्द्यावर क्वचितच बोलतात. दवाखान्याने तो करार करण्यापूर्वीच धरून बसावे.

दुसरा धोका ओळखीचा. बाईचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे. जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेच्या दाखल्यावरची १ जून. एकाच वाडीत एका नावाच्या तिघी. यंत्राने आपोआप जुळवणी केली तर दोन माणसांचा इतिहास एका नावावर चढू शकतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी आभा क्रमांक इथे उपयोगी पडतो, पण तो योग्य माणसाला जोडला आहे याची खात्री समोरासमोर विचारूनच होते.

आता कर्तव्याचा प्रश्न. यंत्रणा बदलण्याचा निर्णय डॉक्टर किंवा प्रशासन घेते, आणि चुकीची किंमत मोजतो तो रुग्ण, ज्याला कुणी विचारलेले नसते. त्यामुळे नोंदी उतरवणाऱ्याचे नाते मालकाचे राहत नाही, विश्वस्ताचे होते. या धर्माचे मराठीतले थोर उदाहरण पाटोद्यापासून फार दूर नसलेल्या पैठणचे आहे. नकलांमधून पाठभेद शिरलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत स्वतःची ओवी घालू पाहणाऱ्यांना बजावले. आपल्या अंदाजाने रिकामी जागा भरायची नाही, हा त्यातला संयम रुग्णनोंदीलाही तितकाच लागू आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा. काही आठवडे दोन्ही यंत्रणा शेजारी-शेजारी चालवाव्यात. एकूण रुग्णसंख्या जुळली म्हणून समाधान मानू नये. काही नोंदी काढून मूळ कागदाशी ओळीओळीने ताडाव्यात. दिनांक-महिन्याची अदलाबदल आणि मात्रेची एकके इथेच सापडतात. जोखमीच्या रुग्णांची यादी हाताने तपासावी: इन्सुलिनवरचे, क्षयरोगाचे, गरोदर स्त्रिया. आरएच निगेटिव्ह मातेचे बाळ आरएच पॉझिटिव्ह निघाले तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते; रक्तगटाचा रकाना कोरा असेल तर ही मुदत नकळत निघून जाते.

वेळही जपून निवडावी. टोळ्या निघण्याच्या आधीचे दिवस टाळलेले बरे, कारण तेव्हा लोक काही महिन्यांची औषधे एकदम घेऊन जातात. कोरे केसपेपर, कार्बन आणि पेन हाताशी हवेतच. जुलै २०२२ मध्ये राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत अनेक वर्षांची संगणक यंत्रणा बंद पडली, तेव्हा मोठमोठ्या रुग्णालयांनाही कागदावर परतावे लागले.

जुनी यंत्रणा पुसण्याची घाई करू नये. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. जुना संगणक निव्वळ वाचण्यापुरता चालू ठेवावा, त्याची प्रत वेगळ्या जागी असावी, आणि हंगामावरून परतलेला प्रत्येक रुग्ण नव्या यंत्रणेत एकदा तरी समोर बसून तपासला गेल्यावरच तो बंद करण्याचा विचार व्हावा.