खाऱ्या पाण्याचे ऋण

दया म्हणून आपण जे करतो त्यातील पुष्कळसे वस्तुतः ऋणफेडीचे असते; पण ऋणफेडीला दया म्हणवून घेण्याची माणसाची सवय फार जुनी आहे. हा विचार सुचण्यास निमित्त झाले ते खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचे. मुंबईकरांना या वस्तूचे नावीन्य नाही. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात मुलांच्या कित्येक पिढ्यांनी काचेला नाक लावून मासे पाहिले. पण तेथे समुद्र दारातच होता. लखनौच्या एखाद्या हौशी गृहस्थाला मात्र तो मिठाची पिशवी फोडून घरीच करावा लागतो. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार.

करणे सोपे, राखणे कठीण. पंपाच्या फिरत्या पात्यावर चुन्याचा थर बसतो. तो पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून मऊ ब्रशाने काढावा लागतो. फेसाबरोबर मळ वर आणणाऱ्या यंत्राचा पेला वरचेवर धुवावा लागतो. साबण कशालाच चालत नाही. गाळणीतला स्पंज नळाखाली लख्ख धुतला तर घातच होतो. कारण माशांच्या उत्सर्गातून निघणाऱ्या अमोनियाचे विष उतरविणारे सूक्ष्म जंतू त्यातच वस्ती करून असतात आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते. टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच तो हलक्या हाताने पिळायचा आणि थोडा मळ राहू द्यायचा.

हे सारे करणारा मनाशी म्हणतो, ‘या मुक्या जिवाला मी जगवितो.’ पण समुद्रात असताना या जिवाला त्याची गरज कोठे होती? ती आपणच निर्माण केली. ज्याने माशाला समुद्राबाहेर काढले, त्याने समुद्राचे काम आपल्या अंगावर घेतले. कोणी म्हणेल, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे विदूषक मासे तर आज टाकीतच जन्मतात आणि शत्रूंपासून सुरक्षित राहतात. खरे आहे, परंतु त्यांचा देह समुद्राचाच आहे. सुरक्षितता दिली म्हणून देणे फिटत नाही.

मग ऋणफेड दयेहून हलकी काय? मला तसे वाटत नाही. दयेला रजा घेता येते. ऋणाला येत नाही. जूनच्या उष्म्यात वीज जाते, पंप थांबतो, तेव्हा मध्यरात्री उठून हाताने पाणी ढवळणारा मनुष्य दयेच्या लहरीवर उठत नाही.

प्रश्न माशांपुरता नाही. बदलीच्या गावी आपल्यापैकी कित्येकांनी वृद्ध आईवडिलांना आणले आहे. औषध, डॉक्टर, हिवाळ्यात शेगडी, सर्व काही आपण पुरवितो आणि ‘आम्ही त्यांना सांभाळतो’ असे म्हणतो. त्यांचे अंगण, शेजार, भाजीवालीशी घासाघीस करण्याची त्यांची भाषा आपल्या नोकरीपायी सुटली, हे मात्र त्या वाक्यात येत नाही.

टाकीचा आणखी एक नियम येथे आठवतो. पाणी उडून जाते, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची भर घालायची ती साध्या गोड्या पाण्याची. नवखा मनुष्य खारे पाणी घालीत राहतो आणि क्षार वाढून मासे मरणपंथाला लागतात. आपणही गणेशोत्सवाला त्यांना मंडळात नेतो, गावाहून कोकमे मागवितो, जुन्या आठवणी काढतो. म्हणजे मीठच घालतो. त्यांच्या दिवसातून उडून जाते ते साधे बोलणे: आज भाजी कोणती मिळाली, कचेरीत काय झाले, उद्या थंडी पडेल का. ते रोज घालावे लागते आणि घातल्याची खूण कोठेच दिसत नाही.

माझी आई लखनौला येऊन सहा वर्षे झाली. संध्याकाळी तिच्याजवळ बसण्याचा अर्धा तास मी आता देण्याच्या खात्यावर मांडतो. दया केल्याचे समाधान त्यात मिळत नाही. पण हिशेब खरा आहे, आणि खऱ्या हिशेबाने माणसे अधिक जवळ येतात असा माझा अनुभव आहे.