कठडा कोणी बांधायचा?



कपाशीवर फवारायच्या विषाला आपल्याकडे 'औषध' म्हणतात. दुकानात आपण औषध मागतो, मजुराला 'उद्या औषध मारायचं आहे' असे सांगतो. बोलण्यातून विष हा शब्द गेला की मनातून त्याची भीतीही जाते.

२०१७ साली वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडोंना दवाखान्यात भरती करावे लागले. कपाशी माणसाच्या उंचीला लागल्याने फवारा अंगावर येत होता. ही विषे श्वासातून जातात, तशीच घामेजल्या कातडीतूनही शरीरात शिरतात. तेव्हा अनेकांनी म्हटले, "हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही, चूक त्यांचीच."

हा निवाडा आम्हाला न्यायाचा वाटत नाही. पवित्र शास्त्रात, अनुवादच्या २२ व्या अध्यायात, एक साधा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा करावा. नाहीतर वरून पडून मेलेल्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. हा नियम पडणाऱ्याला नाही, घरमालकाला सांगितला आहे. धोका ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची.

संत थॉमस अक्वायनस अज्ञानाचे दोन प्रकार मानतात. जे दूर करणे शक्यच नव्हते, ते माणसाला दोषमुक्त करते. जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते, ते न जाणणे हाच दोष ठरतो. डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. मग पिवळा, निळा आणि हिरवा. पण रोजीवर आलेल्या मजुराच्या हाती बरेचदा कालवलेले पाणीच येते, डबा त्याला दिसतही नाही. त्याच्या अज्ञानाचा दोष कोणाचा?

कोणी म्हणेल, साहित्य दिले तरी मजूर ते घालत नाहीत. खरे आहे. विदर्भाच्या उकाड्यात रबरी हातमोजे आणि जाड कोट घालून पाठीवर पंप वाहणे कठीणच. पण जी काळजी पाळणे जवळजवळ अशक्य, तिच्या भरवशावर विष विकणे म्हणजे कठडा न बांधता 'सांभाळून चाला' म्हणणे होय. म्हणून पहिला कठडा सरकारने बांधायचा: अतिजहाल विषे बाजारातूनच काढायची. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. म्हणजे हे होऊ शकते.

दुसरा कठडा आपला. मजुराला डबा दाखवून त्यावरचे वाचून सांगावे. वारा असताना फवारणी थांबवावी. बांधावर साबण-पाणी ठेवावे. मळमळ, अंधारी किंवा तोंडाला लाळ सुटली तर काम तिथेच सोडून, डबा सोबत घेऊन, त्याला दवाखान्यात न्यावे. त्या दिवसाची रोजी कापू नये.

आणि उद्या मजूर सांगायला जाल तेव्हा 'औषध' म्हणू नका. विष आहे, असे स्पष्ट सांगा. ते ऐकून त्याने नाही म्हटले, तर तो त्याचा हक्क आहे.