ढोलीचा पत्ता

दुर्मीळ पक्षी जिथे स्वभावतः राहतो, चरतो आणि घरटे करतो तिथे जाऊन, पैसे घेऊन तो इतरांना दाखवणे योग्य आहे का, आणि योग्य असल्यास त्याच्या ठावठिकाण्याविषयी किती बोलावे, हा प्रश्न वरवर पाहता पर्यटनाच्या शिस्तीचा वाटतो. परंतु सत्य, मौन आणि आश्वासन यांचा त्यात जो गुंता आहे, त्यामुळे तो नीतिशास्त्राच्या प्रांतात जातो. त्याची मांडणी येथे दोन कल्पित व्यक्तींच्या संवादातून केली आहे. त्यांपैकी एक खापरखेड्याचा तरुण पक्षिमार्गदर्शक असून दुसऱ्या त्याच गावात राहणाऱ्या, तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका आहेत.

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील खापरखेडा महाराष्ट्राला ठाऊक आहे ते १३४० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक विद्युत केंद्रामुळे, आसपासच्या कोळसा खाणींमुळे आणि राखेमुळे. तिथून कोणी पक्षी पाहायला निघत असेल, असे ती धुराडी पाहून वाटत नाही. मात्र उत्तरेकडे पारशिवनी ओलांडले की पेंचच्या बाजूचे सागाचे आणि मिश्र पानझडीचे रान सुरू होते, आणि त्या रानाच्या कडेला शेतांच्या बांधांवर अजून काही जुनी, ढोली असलेली झाडे उभी आहेत. या भागात पोपट म्हटले की गळ्यात काळी-गुलाबी कंठी असलेला नेहमीचा कीर डोळ्यांपुढे येतो. संवादाचा विषय असलेला पहाडी पोपट, ज्याला करण पोपट असेही म्हणतात, त्याच्याहून बराच मोठा असतो: शेपटीसह जवळजवळ दोन फूट लांब, जाड लाल चोचीचा आणि खांद्यावर तांबडा डाग मिरवणारा. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत तो ‘संकटसमीप’ गटात आहे, म्हणजे आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर नसला तरी त्याची घट अशीच चालू राहिली तर धोक्याच्या गटात जाऊ शकेल असा. या घटीमागे जुन्या झाडांची तोड आहे तशीच पिल्लांची चोरीही आहे, कारण मोठा आणि बोलायला शिकणारा म्हणून पिंजऱ्याच्या बाजारात त्याला मागणी असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला आणि १९९०-९१ पासून भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे, तरी हा बाजार चोरून चालतो.

संवादाचे निमित्त असे कल्पिले आहे. मार्गदर्शकाला बांधावरच्या एका जुन्या अर्जुनाच्या झाडात पहाडी पोपटांच्या जोडीची ढोली माहीत आहे, आणि शहरातील एका गटाने, पोपट नक्की दिसणार असेल तर नेहमीच्या दुप्पट शुल्क देण्याची तयारी दाखवली आहे. मार्गदर्शकाचा प्रारंभिक पक्ष सरळ आहे: ढोली कोणालाही दाखवू नये, तिचा उल्लेखही करू नये, कारण जितक्या तोंडांत पत्ता तितका पिल्लांना धोका. त्याच्या समर्थनासाठी तो ऑस्ट्रेलियातील रात्रपोपटाचा दाखला देतो. जमिनीवर वावरणारा हा निशाचर पोपट अनेक दशके जवळजवळ बेपत्ता होता. २०१३ मध्ये पश्चिम क्वीन्सलँडमध्ये त्याची छायाचित्रे मिळाली, तेव्हा ती जागा गुप्त ठेवण्यात आली आणि २०१६ मध्ये एका संरक्षण संस्थेने तिथली जमीन विकत घेऊन राखीव केली.

प्राध्यापिका यावर विचारतात, “लपवायचे कोणापासून, ते आधी ठरव.” ढोलीतून पिल्ले काढणारा माणूस पक्षिनिरीक्षकांच्या बोलण्यातून पत्ता शोधत फिरत नाही, कोणत्या झाडाला केव्हा नर-मादी येतात हे तो पिढीजात जाणतो. म्हणून गुप्तता त्याला अडवत नाही. चोरी झाली तर जे आरडाओरडा करतील अशा लोकांनाच ती अडवते. रात्रपोपटाच्या बाबतीत ती सार्थ ठरली, याचे कारण ती राखणाऱ्यांच्या हाती काहीतरी करण्याची शक्ती होती आणि मिळालेल्या अवधीत त्यांनी ते केले. ज्याच्या हाती फक्त गुपित आहे त्याने ते किती काळ आणि कशासाठी राखायचे, हा वेगळा प्रश्न आहे. त्यांचा प्रतिदाखला ब्राझीलचा आहे. स्पिक्सच्या मकाव या निळ्या पोपटाचा रानातला एकच नर उरला असल्याचे १९९० मध्ये कुरासा गावाच्या परिसरात आढळले, आणि तो पक्षी आपल्याकडे आहे हे गावाला माहीत असल्यामुळेच गाव त्याचे राखणदार झाले. मार्गदर्शक त्यांना आठवण करून देतो की २००० मध्ये तो नर दिसेनासा झाला, आणि त्याच्या जातीचे पक्षी पिंजऱ्यातल्या पैदाशीतून पुन्हा त्या रानात सोडायला २०२२ साल उजाडले. प्राध्यापिका ते मान्य करतात. मात्र चोरांनी त्याच्या आधीचे पक्षी पकडून नेले ते गावाला त्यांची किंमत कळण्यापूर्वी, हा क्रम लक्षात घ्यावा असे त्या सुचवतात. दोन्ही दाखले खरे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत, ही कबुली येथे उभयपक्षी होते.

संवादाला खरी धार येते ती पुढच्या शंकेने. पाहुण्यांपैकी कोणी थेट विचारले, “इथे जवळ कुठे ढोली आहे का?” तर मार्गदर्शकाने काय उत्तर द्यावे? तो म्हणतो, “मॅडम, नाही म्हणून टाकायचे. पक्ष्यासाठी बोललेले खोटे ते खोटे कसले?” या ठिकाणी प्राध्यापिका महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिकाची कथा पुढे ठेवतात. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या या तपस्व्याच्या आश्रमाजवळच्या रानात चोरांच्या भयाने काही माणसे लपली. पाठलाग करणाऱ्यांनी विचारताच त्याने ती कुठे गेली ते खरेखरे सांगितले, ती मारली गेली, आणि कौशिकाला नरक मिळाला. ही कथा कृष्ण अर्जुनाला सांगतो, आणि तिच्यातील विवेक असा की मौनाने सुटका होत असेल तर मौनच बरे, आणि बोलणे भागच पडले तर तिथे असत्य सांगणे श्रेयस्कर. याच्या अगदी विरुद्ध टोकाला कांट हा जर्मन तत्त्वचिंतक उभा आहे; १७९७ च्या एका निबंधात त्याने मारेकऱ्यालासुद्धा खोटे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही अशी भूमिका घेतली. कांट वाचून शिकवणाऱ्या बहुतेकांना ती गैरसोयीची वाटते.

मार्गदर्शकाला अर्थातच कृष्ण सोयीचा वाटतो. परंतु प्राध्यापिका दोन गोष्टी दाखवून देतात. एक, कौशिकाच्या दारातले लोक चोर होते आणि दुर्बीण घेऊन आलेले पाहुणे चोर नाहीत. त्यामुळे असत्याची सूट ज्या संकटासाठी आहे ते संकट इथे सिद्ध व्हायचे आहे. दुसरी, पक्षिशास्त्रात स्थानाविषयीचे असत्य काय करते याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा, म्हणजे मध्य भारतातील पानझडी रानात राहणारे एक लहान घुबड, शास्त्राला १८७३ पासून ज्ञात होते; त्याचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ चा. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश सेनाधिकारी-पक्षिशास्त्रज्ञाने एक नमुना आपण १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळवल्याची नोंद केली. तो प्रत्यक्षात संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून आणि नवी चिठ्ठी लावून तयार केलेला होता. या खोट्या पत्त्यामुळे शोध भलत्या दिशेला गेला. पॅमेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा पुन्हा तपासल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना शहाद्याजवळ, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, भरदिवसा निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. जो पक्षी नाही असे सगळे धरून चालले होते, त्याच्या रानासाठी तोवर कोणी बोलायचे कारणच नव्हते. “नाही म्हणालास,” प्राध्यापिका म्हणतात, “तर उद्या ते झाड तोडताना ‘इथे काहीच नव्हते’ असे म्हणायला तुझेच शब्द वापरतील.” सांगणार नाही, असे म्हणणे आणि नाही, असे म्हणणे यांतला फरक मार्गदर्शकाला इथे पटतो, जरी ‘सांगणार नाही’ हे उत्तर चाणाक्ष पाहुण्याला पुरेसे सांगून जाते, ही त्याची तक्रार खरीच आहे.

मग अडचण नेमकी कुठे आहे? दाखवण्यात आहे असे प्राध्यापिकांना वाटत नाही. पळस फुलला की पोपट मधासाठी त्यावर उतरतात, संध्याकाळी ते रातथाऱ्याकडे, म्हणजे रात्र काढण्याच्या सामूहिक झाडांकडे, थव्यांनी जातात. तिथे अंतर राखून उभे राहिलेल्या माणसांमुळे फारसे बिघडत नाही. मात्र यातली कोणतीही जागा पक्षी येईलच अशी हमी देत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल या विणीच्या काळात पोपट पुन्हा पुन्हा परत येतो ती एकच जागा, ढोली. म्हणून ज्या क्षणी ‘नक्की दिसेल’ असा शब्द दिला जातो त्या क्षणी ढोलीकडे जाणे ठरून गेलेले असते. पुढे दुर्बीण किती दूर लावायची, किती वेळ थांबायचे हे सारे दुय्यम. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावण्याची पद्धतही याच हमीतून जन्मते. दुप्पट शुल्क पक्ष्याचे नसते, खात्रीचे असते, आणि नेमकी हीच वस्तू विकण्याचा अधिकार मार्गदर्शकाकडे नसतो.

विदर्भातील व्याघ्रपर्यटनाने या खात्रीला ‘साइटिंग’ असे नाव देऊन तिचा बाजार केव्हाच उभा केला आहे. नागपूर जिल्ह्यातीलच उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीला बछड्यांसह रस्त्यावर घेरले, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. कारवाई झाली ती चालक आणि मार्गदर्शकांवरही. मार्गदर्शक हे उदाहरण स्वतःच काढतो, पण वेगळ्या हेतूने: मागणी करणारा वेगळा, दंड भरणारा वेगळा, वर्षाअखेरीस दोन पैसे मिळतील या आशेने गाडी पुढे घेणाऱ्याला नीतिशास्त्र शिकवणे सोपे आहे. या आक्षेपाला प्राध्यापिकांकडे पूर्ण उत्तर नाही, आणि त्या तसे भासवतही नाहीत. त्या इतकेच म्हणतात की शुल्क चालण्याचे, वाट दाखवण्याचे आणि ज्ञानाचे असेल, पक्षी न दिसल्यास ते परत मिळणार नाही, आणि विणीच्या काळात ढोलीजवळ नेले जाणार नाही, हे आधी लिहून दिले, तर निदान आश्वासन आणि कृती यांत विसंगती राहत नाही.

“आणि शेजारचा गाडीवाला हमी देऊन पाहुणे घेऊन गेला तर?” मार्गदर्शक विचारतो. ढोली त्यालाही सापडेलच. राखीव वनात फेऱ्यांवर आणि गाड्यांवर नियम असतात. शेताच्या बांधावरच्या झाडाखाली नियम करणारा कोणी नाही.

“ते झाड कोणाचे?” प्राध्यापिका विचारतात. ते ज्या शेतकऱ्याच्या बांधावर आहे त्याला अद्याप कोणी काही सांगितलेले नाही, हे यावर निष्पन्न होते. ढोली दाखवावी की लपवावी याचा इतका ऊहापोह करताना ज्याची कुऱ्हाड त्या खोडाला लागू शकते तो माणूस दोघांच्याही हिशेबात नव्हता. त्याला सांगितले तर तो झाड राखील, किंवा पिल्ले विकता येतात हे त्याला नव्यानेच कळेल, किंवा सावलीने पीक बसते म्हणून तोडायचे त्याचे आधीच ठरले असेल. मार्गदर्शकाच्या मते हा सर्वांत मोठा धोका आहे. प्राध्यापिकांच्या मते तो पत्करण्याजोगा एकमेव धोका आहे, कारण इतर कोणाला पत्ता सांगितला वा लपवला तरी झाडाचे भवितव्य बदलत नाही. शेतकऱ्याकडे जायचे तर जोडी ढोलीवर येण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आधी, आणि पाहुण्यांना बरोबर न घेता जावे, इतपत दोघांचे एकमत होते. शुल्कातला काही वाटा झाडाच्या मालकाला द्यावा का, यावर ते होत नाही.