बांध आणि पत्ता

एखाद्या वस्तूची योग्यता तिच्या अंगभूत स्वरूपात असते, की तिच्याभोवती आखलेल्या मर्यादेमुळे ती तिला प्राप्त होते, या प्रश्नाचा आपल्या वेदान्त्यांनी घटाकाशाच्या दृष्टान्ताने पुष्कळ खल केलेला आहे. परंतु मला त्याचा प्रत्यय ग्रंथातून न येता एका कचेरीतील प्रिंटरने आणून दिला.

त्या कचेरीतील सर्व यंत्रे १९२.१६८.१०.० या एकाच नेटवर्कात नांदत होती. अखेरचा आकडा ० ते २५५, म्हणजे एकंदर २५६ पत्ते. त्यांतील पहिला नेटवर्काचे स्वतःचे नाव म्हणून आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी, अर्थात ब्रॉडकास्टसाठी, राखीव, आणि उरलेले २५४ वापरास मोकळे. गावाचे नाव कोण्या एका घराला देता येत नाही, आणि दवंडी कोण्या एकाच्याच दारासाठी नसते, तसाच हा प्रकार.

पुढे खाती वेगळी करण्याचा हुकूम झाला, तेव्हा सर्व्हे नंबराचे पोटहिस्से पाडावेत तसे मी त्याचे चार सबनेट पाडले. बांध कोठे पडतो हे ठरवणाऱ्या मास्कचा अखेरचा आकडा शून्याचा १९२ झाला. २५६ मधून १९२ वजा जाता ६४ उरतात, म्हणून दर ६४ पत्त्यांवर एक बांध. दुसऱ्या हिश्शाचे नाव ६४, त्याची दवंडी १२७, आणि वापरण्याजोगे पत्ते ६५ ते १२६, म्हणजे ६२. हिशेब चुकला नव्हता; तरीही दुसऱ्या दिवशी जमाखर्चाच्या खात्यातील प्रिंटर मुका झाला, कारण त्याला पूर्वापार १२७ हाच पत्ता दिलेला होता. यंत्र तेच, तार तीच, आकडाही तोच. केवळ बांध सरकला, आणि काल जो एकाचा ठावठिकाणा होता तो आज सर्वांची हाक होऊन बसला.

मी तो आकडा शून्य आणि एक यांत लिहून पाहिला: ०१११११११. आठही स्थाने एकत्र पाहिली तर आरंभीच्या शून्यामुळे तो इतरांसारखाच एक. परंतु पहिली दोन स्थाने हिश्शाच्या ओळखीसाठी बाजूला काढली की उरलेल्या सहाच्या सहा स्थानी एकच उभा असतो, आणि सर्व स्थानी एक म्हणजेच ‘सर्व’. ही सर्वता त्या आकड्यात आधीपासून दडलेली होती, की मी मास्क बदलला त्या क्षणी जन्माला आली?

गौडपादाचार्यांनी माण्डूक्यकारिकेत घटाच्या योगाने आकाशाचे तुकडे पडत नाहीत असे सांगितले, आणि त्या न्यायाने मास्क ही निव्वळ उपाधी, म्हणजे वरून लादलेली मर्यादा, ठरते. हे मला मान्य आहे. पण एक शंका राहते. अखंड नेटवर्कात २५४ पत्ते वापरता येत होते, चार हिश्शांत मिळून २४८ येतात, आठ केले असते तर २४० आले असते. प्रत्येक हिश्शाला आपले नाव आणि आपली दवंडी स्वतंत्र ठेवावी लागते, आणि शेताच्या बांधाखाली जमीन जावी तसे ते पत्ते जातात. उपाधी जर मिथ्या, तर हे सहा पत्ते कोणी गिळले? मास्क पूर्ववत करताच ते सहाही परत येतात, हे अद्वैत्याचे उत्तर बिनतोड आहे. तथापि मास्क पूर्ववत होईपर्यंत ते कोणालाही देता येत नाहीत हेही तितकेच खरे, आणि व्यावहारिक सत्ता म्हणून अद्वैती जिला मान देतात ती मला येथे, मुक्या प्रिंटरपाशी, प्रथम नीट कळली.

याहून मला खोल वाटते ती दोघांची गोष्ट. दोन राउटर एकाच तारेने जोडलेले असले, तरी पूर्वी त्यांच्यासाठी चार पत्त्यांचा हिस्सा पाडून दोन राखीव ठेवण्याची वहिवाट होती. २००० साली निघालेल्या आरएफसी ३०२१ या इंटरनेटच्या नियमपत्राने ती मोडण्याची मुभा दिली: जेथे दोघेच आहेत तेथे ‘सर्व’ म्हणजे समोरचाच, मग वेगळी दवंडी कोणासाठी? अनेकांच्या वस्तीत जो पत्ता नावासाठी अडतो आणि जो हाकेसाठी अडतो, ते दोन्ही दोघांच्या संगतीत वापरास मोकळे होतात.